आधी वैरण, मग नांगर

फाल्गुन सरत आला की लोणंद-खंडाळ्याकडच्या रानाचं रूप पालटतं. शाळूची काढणी उरकलेली असते, कणसं खळ्यावर गेलेली असतात आणि रानात उरतात त्या कडब्याच्या पेंढ्या. एके काळी या दिवसांत गावाच्या कडेनं नुसती चक्कर मारली, तरी कोणत्या घराचं वर्ष कसं जाणार याचा अंदाज यायचा. घरामागची कडब्याची गंज तो सांगायची. गंज उंच आणि रुंद असली की त्या घरची बैलं पावसाळ्यापर्यंत तगणार, बैलं तगली की पेरणी वेळेवर होणार आणि पेरणी वेळेवर झाली की घर सावरणार. मुलगी द्यायला आलेली शहाणी माणसं ओसरीवरच्या गप्पांपेक्षा गोठ्यामागच्या गंजीकडे जास्त बारकाईनं पाहायची. माझ्या पिढीच्या बँकेतल्या शेती अधिकाऱ्यांनाही पुढे ही नजर आपोआप आली. सातबारा जमीन किती ते सांगतो, घर कसं चालतं ते सांगत नाही. ते गंजीला विचारावं लागतं.

गंज रचणं हे साधं काम नव्हतं. शाळू मुळासकट उपटायचा, म्हणजे कडबा लांब मिळतो. उपटलेली ताटं रानातच वाळू द्यायची, कणसं खुडायची, मग कवेत येईल एवढी पेंढी करून तिला पिळलेल्या ताटांचाच आळा द्यायचा. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. गाडी भरायची ती पहाटे, दंव असताना. ऊन चढलं की पानांचा चुरा होऊन तो रानातच सांडतो आणि जनावराला खरी गोडी असते ती पानांची. दोरानं आवळलेली गाडी डुलत डुलत घरी यायची. गंजीच्या तळाला दगड आणि तुरकाट्या, म्हणजे वाळवीला वाट सापडत नाही. बुडखे बाहेर, शेंडे आत, मधला भाग थोडा उंच, म्हणजे वळवाचं पाणी बाहेरच्या बाहेर निथळतं. वरून पाचटाचं नाहीतर गवताचं शाकार. हे सगळं सावडीनं चालायचं. आज तुझी गंज, उद्या माझी. अवजारं म्हणाल तर विळा, कोयता आणि दोर. बाकी सगळी करामत माणसाच्या बोटांची आणि नजरेच्या अंदाजाची.

इतक्या निगुतीनं जपलेली वैरण वाया जायची ती अगदी शेवटच्या टप्प्यावर, दावणीला. अख्खं ताट पुढ्यात टाकलं की जनावर पानं आणि शेंडा ओढून खातं, खालचा जाड बुडखा तसाच सोडतं, उरलेलं पायाखाली तुडवतं. सकाळी गोठा झाडणाऱ्या बाईला पाटीभर चघळ उकिरड्यावर नेताना वर्षभराचे कष्ट डोक्यावरून नेल्यासारखं वाटत असणार. त्यावरचा जुना उपाय म्हणजे ओंडक्यावर ताटं धरून कुऱ्हाडीनं तुकडे करायचे. एखाद्या म्हशीपुरतं ते जमतं. चार-सहा जनावरांची वैरण तोडायची तर खांदा भरून येतो आणि दिवस त्यातच जातो. पण तुकडे बारीक केले, की तोच कडबा बुडख्यासकट पोटात जातो. म्हणजे जमीन तेवढीच, पाऊस तेवढाच, आणि तरी गंज जास्त दिवस पुरते.

हे गणित ज्याला आपल्या धंद्याच्या सुरुवातीलाच उमगलं तो माणूस शेतकरी नव्हता. तो चित्रकार व्हायला निघालेला एक भिक्षुकी परंपरेतला मुलगा होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव आपण नांगराशी जोडतो, पंपाशी जोडतो, ऑईल इंजिनाशी जोडतो. शाळेच्या पुस्तकात त्यांचं लोखंडी नांगराबरोबरचंच चित्र मनात ठसलेलं असतं. पण नांगराच्या आधी त्यांच्या छोट्याशा कारखान्यातून बाहेर पडलं ते कडबा कापण्याचं यंत्र. आज त्यांची गोष्ट मला या वैरणीच्या बाजूनं सांगायची आहे. त्याला एक घरगुती कारणही आहे. बँकेतल्या माझ्या नोकरीची चार वर्षं लोणंदच्या परिसरात गेली आणि त्या चार वर्षांत मी या यंत्राच्या कर्जाचे जितके कागद लिहिले, तितकी पुढे कादंबऱ्यांची पानंही लिहिली नाहीत.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. या गावानं महाराष्ट्राला आधीच एक किर्लोस्कर दिला होता, संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या, प्रवचनं, अध्यात्म. या मुलाला मात्र ओढ दोन गोष्टींची, चित्रांची आणि यंत्रांची. शाळेच्या अभ्यासात त्याचं मन रमलं नाही. वडिलांना हे रुचणं शक्यच नव्हतं. पण थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि त्यांच्या आधारावर १८८५ साली सोळा वर्षांचा लक्ष्मण मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाला.

दोन वर्षं बरी गेली. मग लक्षात आलं, की या मुलाला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकाराला रंगांधळेपणा म्हणजे गवयाला बहिरेपणा. त्या वयात एखादा मुलगा गाव गाठून वडिलांच्या पायाशी बसला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यंत्रांची रेखाचित्रं काढायला रंग लागत नाहीत. लागते ती अचूक नजर आणि स्थिर हात. ते शिक्षण त्यांनी पुरं केलं आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्ही. जे. टी. आय. मध्ये, यांत्रिक रेखाटनाचे सहायक शिक्षक म्हणून ते रुजू झाले. शिकवता शिकवता ते स्वतःच शिकले. मोकळ्या वेळात कार्यशाळेतली यंत्रं उघडून पाहायची, सुटे भाग मांडायचे, पुन्हा जोडायचे. इंग्रजी मासिकं चाळायची. सुट्टीच्या वेळात गुंड्या करून पाहायच्या, औषधाच्या गोळ्यांसाठी छोट्या डब्या करून पाहायच्या. यातला एकही उद्योग मोठा झाला नाही. पण एखादी वस्तू करायला काय पडतं आणि ती विकायला काय पडतं, या दोन वेगवेगळ्या विद्या आहेत, हे त्यांना तिथं कळलं असावं.

याच काळात दोघा भावांनी बेळगावात सायकलींचं दुकान सुरू केलं. मुंबईहून सायकली घेऊन पाठवायचं काम लक्ष्मणरावांचं, तिकडे विकायचं आणि लोकांना चालवायला शिकवायचं काम रामूअण्णांचं. सायकल त्या वेळी नवलाईची आणि श्रीमंतांच्या हौसेची चीज होती. १८९७ साली मुंबईतल्या नोकरीत लक्ष्मणरावांना हक्काची बढती मिळायची होती. ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन शिक्षकाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. वय अठ्ठावीस, संसार मागे, हाती नोकरी नाही. नोकरी सोडण्याचं दुःख काय असतं ते नोकरी केलेल्यालाच कळतं. माझ्या पिढीत बढती हुकली म्हणून आम्ही युनियनकडे अर्ज दिले, चहाच्या टपरीवर तास घालवले. खुर्ची मात्र कोणी सोडली नाही.

बेळगावात सायकलींबरोबर पवनचक्क्यांची एजन्सीही होती. पण दुसऱ्यानं केलेला माल विकण्यात या माणसाचं समाधान नव्हतं. स्वतः काहीतरी करायचं, आणि तेही इथल्या माणसाला रोज लागेल असं. भोवती पाहिलं तर काय दिसत होतं? कोरडवाहू शेती, बैलं, म्हशी, आणि दावणीपुढे तुडवला जाणारा कडबा. विलायतेत वैरण कापायची यंत्रं होती. ती इकडे आणायची तर किंमत परवडणार नव्हती, आणि मोडली तर सुटा भाग मिळणार नव्हता. एक लहानसं लेथ यंत्र, थोडी हत्यारं आणि चार माणसं एवढ्या भांडवलावर लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याचं यंत्र बनवायला घेतलं.

ज्यांनी हे हातयंत्र पाहिलं नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. लाकडी किंवा लोखंडी पन्हळीत ताटं ठेवायची. पन्हळीच्या तोंडाशी दातांचे दोन रूळ. एका बाजूला जड लोखंडी चाक आणि त्या चाकाच्या आऱ्यांना बसवलेली कमानदार पाती. चाकाच्या मुठीला धरून एकानं फिरवायचं, दुसऱ्यानं ताटं पुढे सरकवायची. चाकाबरोबर रूळ फिरतात, ताटं आत ओढतात आणि प्रत्येक फेरीला पातं खाली येऊन कचकन् तुकडा पाडतं. चाक जड ठेवण्यात सगळी खुबी असते. एकदा वेग घेतला, की त्या वजनाच्या जोरावरच पातं पुढची ताटं तोडतं. माणसाला प्रत्येक वेळी नव्यानं जोर लावावा लागत नाही. घरातली म्हातारी पेंढी सरकवते आहे आणि शाळेतून आलेला नातू चाक फिरवतो आहे, असं दृश्य पुढे आपल्याकडे घरोघर दिसलं ते या खुबीमुळे.

कडबा कापण्याच्या यंत्रानं लक्ष्मणरावांना एक मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे शेतकऱ्याची ओळख. काय केलं तर तो विश्वास ठेवतो, कशाला भितो, कोणत्या किमतीला नाही म्हणतो, हे दुकानात बसून कळत नाही. त्यानंतर ते नांगराकडे वळले. १९०३ च्या सुमारास बेळगावात त्यांचा लोखंडी नांगर तयार झाला. समोर इंग्लंडच्या रॅन्सम कंपनीचे नांगर होते, आणि त्याहून मोठा अडसर होता तो मनातला. लोखंडाच्या नांगरानं जमिनीत विष उतरतं, ती नापीक होते, असा समज पक्का होता. लाकडी नांगर बाभळीचा, गावच्या सुतारानं केलेला, आज्यापासून चालत आलेला. हा काळा, थंडगार, कारखान्यातला. पहिले मोजके नांगर खपायला दोनेक वर्षं लागली. या दोन वर्षांचा विचार मी अनेकदा करतो. कारखान्यात माल पडून आहे, माणसांचा पगार द्यायचा आहे, आणि गिऱ्हाईक नांगराला हात लावून परत जातं आहे.

शेतकऱ्यानं नांगर घेतला तो भाषणं ऐकून नव्हे. काळ्या रानातली हरळी आणि कुंदा यांची मुळं लाकडी नांगराला दाद देत नाहीत. लोखंडी नांगर खोल गेला, मुळं वर आली, उन्हात करपली आणि पुढच्या हंगामात शेजारच्या बांधावरून लोकांनी पीक पाहिलं. बांधावरच्या माणसासारखा विक्रेता नाही, हे शेती अवजारांच्या प्रत्येक कंपनीला पुढे कळलं. लक्ष्मणरावांनीही तक्रारी ऐकून घेतल्या. फाळ लवकर झिजतो म्हटल्यावर ओतकाम सुधारलं. माल परत आला म्हणून ते रागावले नाहीत. तो का परत आला ते त्यांनी शोधलं.

सगळं बऱ्यापैकी मार्गी लागतं आहे असं वाटत असतानाच बेळगावच्या नगरपालिकेनं शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितली. उभा कारखाना, भट्टी, यंत्रं, माणसं हे सगळं उचलून न्यायचं कुठं? तेव्हा मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. लक्ष्मणरावांचा आणि त्यांचा आधीचा स्नेह होता, औंधच्या यमाईच्या देवळातल्या सभामंडपाचं काम लक्ष्मणरावांकडे आलं होतं. राजेसाहेबांनी आपल्या संस्थानात हवी ती जागा निवडायला सांगितलं. लक्ष्मणरावांनी निवडली ती कुंडल रोड नावाच्या एका आडवळणाच्या रेल्वे स्टेशनाजवळची बत्तीस एकरांची माळजमीन. सोबत दहा हजार रुपयांचं कर्ज.

इथं माझ्यातला बँकवाला जागा होतो. कल्पना करा, ही फाईल एखाद्या शाखेत आली आहे. अर्जदाराकडे तारण नाही. आधीच्या जागेतून त्याला बाहेर पडावं लागलं आहे. शिक्षणानं तो चित्रकार व्हायला निघाला होता. त्याचा मुख्य माल खपायला दोन वर्षं लागली. नवी जागा निवडुंगाचं रान आहे, तिथं साप निघतात, पिण्याच्या पाण्याची सोय करायची आहे. कागदावर या फाईलला कोणीही सही दिली नसती. राजानं कागद पाहिला नाही, माणूस पाहिला. अर्थात राजाला ते शक्य होतं. पैसा त्याच्या शब्दात होता आणि त्याला वरच्या कार्यालयाला उत्तर द्यायचं नव्हतं. बँकेतल्या माणसाला ठेवीदाराच्या पैशाचा हिशेब द्यावा लागतो. तरीही जागेची निवड पाहिली, की अर्जदाराची अक्कल दिसते. त्यानं सुपीक जमीन मागितली नाही, राजधानीजवळची जागा मागितली नाही. रेल्वेचा रूळ मागितला. नांगर जड असतो, कोळसा आणि लोखंड जड असतं. पुणे-मिरज रेल्वेनं कच्चा माल दारात येणार होता आणि पक्का माल कुठंही जाणार होता. हीच रेल्वे लोणंदवरून जाते. आमच्या भागात नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रं पोचायला त्या रुळांचा आधार किती झाला असेल, ते वेगळं सांगायला नको.

१९१० साली लक्ष्मणराव पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन त्या माळावर उतरले. निवडुंग तोडला, तात्पुरती निवाऱ्याची जागा केली, विहीर पाहिली. रामूअण्णांनी वसाहत उभी करण्याचं काम घेतलं. शंभोअण्णा जांभेकर यंत्रं सांभाळायचे, मंगेशराव रेगे हिशेब आणि कचेरी पाहायचे, तर शाळेत फारसं न शिकलेले अनंतराव फळणीकर ओतकाम आणि यंत्रकामात तरबेज झाले. ही माणसं मोठ्या पदव्यांची नव्हती. लक्ष्मणरावांना माणूस वाचता यायचा. चोरी-दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेल्यांच्या हाती त्यांनी वसाहतीची रात्रीची राखण दिली आणि ती राखण चोख झाली. स्पृश्यास्पृश्य भेद तिथं पाळायचा नाही, हे त्यांनी त्या काळात ठरवलं आणि पाळलं. देवळं आणि कर्मकांडं यांच्याकडे त्यांचा फारसा ओढा नव्हता. वेदान्ती वडिलांच्या या मुलानं माणसाच्या हातावर श्रद्धा ठेवली. माळाची किर्लोस्करवाडी झाली, देशातल्या अगदी सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक. पुढे स्टेशनाचं नावही तेच झालं.

पहिलं महायुद्ध आलं तसं विलायती मालाची आवक आटली आणि देशी नांगराला मागणी वाढली. पण लोखंडच मिळेना. त्या अडचणीत कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले ही गोष्ट ऐकायला पुराणातली वाटते, पण ती आपल्याच मुलखात घडली. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. त्यातून ‘किर्लोस्कर’ मासिक वाढलं, पुढे १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ आलं. नांगराच्या कारखान्यातून मराठी घरात मासिकं येऊ लागली. आमच्या घरातल्या बायकांनी नांगर कधी धरला नाही, पण ‘स्त्री’चे जुने अंक मात्र ट्रंकेत जपून ठेवले. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एम. आय. टी. मध्ये शिकून १९२६ साली परतला. त्याच सुमारास कारखान्यात पाण्याचे पंप आणि ऑईल इंजिन यांचं पर्व सुरू झालं. उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रं, हातपंप ही यादी लांबत गेली. कडबा कापण्याचं यंत्र त्यात मागे पडल्यासारखं वाटतं. गोठ्यातून मात्र ते कधी मागे हटलं नाही.

एखाद्या थोर माणसाची गोष्ट सांगताना नुसती आरती ओवाळून चालत नाही. लोखंडी नांगर ओढायला बैलांच्या दोन-तीन, कधी जास्त जोड्या लागायच्या. ज्याच्या घरी एकच बैल, त्यानं वारंगुळा करावा, इर्जिक घालावी, नाहीतर भाड्यानं नांगरट करून घ्यावी. म्हणजे नव्या नांगराचा फायदा आधी झाला तो मोठ्या शेतकऱ्याला. गावच्या सुताराचं काय? लाकडी नांगराच्या कामावर त्याचं बलुतं होतं. कारखान्याच्या नांगरानं ते हळूहळू सैल होत गेलं. त्याची नोंद कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात नसते. कडबा कापण्याचं यंत्र या बाबतीत वेगळं पडतं. ते एका म्हशीच्या धन्यालाही उपयोगी होतं, त्याला बैलांच्या जोड्या लागत नव्हत्या आणि त्यानं कोणाचं बलुतंही हिरावलं नाही. ओंडक्यावरची कुऱ्हाड चालवायची ती घरच्याच माणसांनी.

लोणंदच्या त्या वर्षांत, १९८४ ते १९८८ मध्ये, एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचा जोर होता. दुभत्या जनावरांसाठी कर्जं वाटली जायची. उद्दिष्टाचे आकडे वरून यायचे. म्हैस घेतली आणि वैरण नाही, अशी घरं मी पुष्कळ पाहिली. १९७२ च्या दुष्काळाची आठवण तेव्हा ताजी होती. लोकांनी कवडीमोलानं विकलेली जनावरं आणि खडी फोडणारी माणसं मी शाळकरी वयात पाहिली होती. एका वस्तीवर एक विधवा बाई होती. पदरात दोन मुली, दारात एक म्हैस आणि एक गाय. तिनं दुसऱ्या म्हशीसाठी कर्ज मागितलं नाही. तिला हातानं फिरवायचं कडबा कापण्याचं यंत्र हवं होतं. तिचं म्हणणं सरळ होतं; आहे त्या गंजीत आहेत ती जनावरं मृगापर्यंत न्यायची आहेत. आमच्या यादीत म्हैस बसत होती, यंत्र बसवायला खटपट करावी लागली. ते बसलं. त्या उन्हाळ्यात मी पाहणीला गेलो तेव्हा दावणीखाली चघळ म्हणून काही नव्हतंच. हप्ते तिनं दुधाच्या पगारातून वेळेवर फेडले. किर्लोस्करांना बेळगावात जे गणित दिसलं होतं, ते या बाईला कोणी शिकवलं नव्हतं. ते तिचंच होतं. यंत्र फक्त उशिरा पोचलं.

याच वर्षांत मी दुसरी बाजूही पाहिली. हातचाकाच्या जागी विजेची मोटर आली. चाक हातानं फिरवताना माणूस थांबला की पातं थांबतं. मोटर थांबत नाही. पन्हळीत वैरण अडकली म्हणून एका तरुणानं हात आत घातला आणि तीन बोटं गमावली. यंत्र कुठल्याशा कारागिरानं जुळवलेलं, रुळांवर झाकण नाही, बंद करायचा खटका हाताला लागत नव्हता. कर्जाच्या कागदात यंत्राची किंमत होती, झाकणाचा उल्लेख नव्हता. तेव्हापासून पाहणीला गेलो की मी आधी झाकण आणि खटका पाहायचो, मग हप्त्याचं बोलायचो. आजही ज्या घरात मोटरवर कडबाकुट्टी चालते, त्यांना माझं हेच सांगणं आहे. पोरांना जवळ फिरकू देऊ नका, सैल बाह्या आणि पदर आवरा, आणि अडकलेली वैरण काढायच्या आधी वीज बंद करा.

लक्ष्मणरावांच्या आयुष्यातला सर्वांत कठीण दिवस आला तेव्हा ते ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता म्हणून सातारा-सांगली भागात ब्राह्मणांच्या घरांवर आणि मालमत्तेवर राग उसळला. त्या आगीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. कामगारांमध्ये सगळ्या जातींचे लोक होते. जळालं ते त्या सगळ्यांच्या पोटाचं साधन. आमच्याकडे भाऊबंदकीच्या वैरात शत्रूच्या गंजीला काडी लावण्याची एक जुनी, वाईट चाल होती. गंज जळते तेव्हा ज्याचा राग असतो त्याच्याआधी दावणीची मुकी जनावरं उपाशी मरतात. कारखाना जळणं याहून वेगळं नव्हतं. एकोणीसशे दहा सालापासून माळावर रचत आणलेली ती एक गंजच होती. किर्लोस्करांनी वाडी सोडली नाही. राख उपसली, यंत्रं दुरुस्त केली, भट्टी पुन्हा पेटवली, आणि नांगर आणि पंप पुन्हा बाहेर पडू लागले. सूड घेण्याची भाषा त्या वसाहतीतून निघाली नाही, ही गोष्ट मला कारखाना उभारण्याइतकीच मोठी वाटते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. तोवर पुणे, बंगळूर, हरिहर इथं किर्लोस्करांचे कारखाने उभे राहिले होते. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. ज्या मुलाला रंग ओळखता येत नव्हते, त्याचं चित्र देशभर पाकिटांवर फिरलं.

आता लोणंदच्या आसपास कडब्याच्या गंजी कमी झाल्या. बैल गेले, ट्रॅक्टर आले. मजूर मिळत नाहीत म्हणून शाळूच कमी पेरतात. जिथं पाणी आलं तिथं ऊस आणि मका आला, मुरघासाच्या पिशव्या आल्या. गंज रचणारे हात म्हातारे झाले, आणि त्या हातांत होतं ते शहाणपण कुठं लिहून ठेवलेलं नाही. बुडखे बाहेर का, पहाटेच गाडी का, तळाला तुरकाट्या का, हे घरातल्या आजोबांना अजून विचारता येईल. विचारून घ्यावं. कारण दुष्काळ अजून संपलेला नाही. २०१२-१३ साली माण-खटावात चारा छावण्या पडल्या तेव्हा पेंढीपेंढीचा हिशेब पुन्हा सुरू झाला होता.

पण गोठा कुठलाही असो, अगदी दोन गाईंचा असो, त्यात कडबाकुट्टीचं चाक सापडतंच. कोणी बनवलेलं, कोणत्या कंपनीचं, याला महत्त्व नाही. लोणंदहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत कधी बसलात, तर ताकारीच्या पुढे किर्लोस्करवाडीचं स्टेशन येतं. गाडी थोडा वेळ थांबते. मुलांना खिडकीतून ती पाटी दाखवा आणि नांगराच्या आधीची ही वैरणीची गोष्ट सांगा.